शर्यतीच्या आरसी गाडीसाठी लायपो बॅटरी कशी निवडावी आणि कशी तयार करावी

विजेवरील आरसी, म्हणजे रेडिओ कंट्रोलने चालणाऱ्या छोट्या गाड्यांच्या शर्यतीत पूर्वी निकेल-कॅडमियमचे आणि पुढे निकेल-मेटल हायड्राइडचे सहा सेल जोडून 7.2 व्होल्टचा पॅक वापरला जाई. आता ती जागा लिथियम पॉलिमर, म्हणजेच लायपो बॅटरीने घेतली आहे. 1:10 प्रमाणाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक-दशांश आकाराच्या गाड्यांच्या बहुतेक शर्यत-वर्गांत दोन सेलचा 7.4 व्होल्टचा पॅक चालतो, 1:12 च्या गाड्यांत एकच सेल असतो आणि 1:8 च्या विजेवरील बग्गीत सहसा चार सेल असतात. म्हणून खरेदीपूर्वी आपल्या वर्गाची नियमावली वाचावी. कवच कडक हवे का, पॅकची लांबी-रुंदी-उंची किती चालते आणि तो मान्यताप्राप्त यादीत असणे बंधनकारक आहे का, हे तिच्यातच कळते. अमेरिकेतील रोअर ही संघटना अशी यादी प्रसिद्ध करते.

पॅकवर ठळक छापलेल्या सी-रेटिंगवर, म्हणजे क्षमतेच्या किती पट प्रवाह पॅक देऊ शकतो हे सांगणाऱ्या आकड्यावर, फार विसंबू नये. 6000 एमएएच (मिलीअँपिअर-तास, म्हणजे 6 अँपिअर-तास) क्षमतेच्या पॅकवर 100 सी लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ 600 अँपिअर असा होतो. एवढा प्रवाह गाडीच्या तारा आणि जोडण्या सतत वाहू शकणार नाहीत, आणि हा आकडा मोजण्याची सर्व उत्पादकांना बांधील अशी एक पद्धतही नाही. माझ्या मते पॅकची खरी पारख अंतर्गत रोधावरून, म्हणजे पॅक स्वतःच प्रवाहाला किती अडवतो यावरून होते, आणि तो अनेक चांगले चार्जर मिलीओहममध्ये दाखवतात. एकूण रोध 4 मिलीओहम असेल, तर 50 अँपिअरला 0.2 व्होल्ट पॅकमध्येच खर्च होतात. रोध 10 झाला की तीच घट 0.5 व्होल्टवर जाते, आणि वळणातून बाहेर पडताना गाडी जड वाटू लागते. सेल थंड असताना रोध जास्त दिसतो, त्यामुळे दरवेळी साधारण सारख्याच तापमानाला आणि सारख्याच चार्जवर मोजून आकडे वहीत टिपून ठेवावेत. दोन्ही सेलच्या आकड्यांतला फरक वाढत चालला असेल, तर तो पॅक सरावासाठी राखून ठेवावा.

चार्जिंग नेहमी बॅलन्स लीड (प्रत्येक सेलचे व्होल्टेज सारखे ठेवण्यासाठी चार्जरला जोडायची बारीक तारांची जोडणी) लावून आणि लायपो पद्धत निवडूनच करावे. 1 सी हा सुरक्षित वेग धरावा, म्हणजे 6000 एमएएचसाठी 6 अँपिअर. याहून जास्त वेग उत्पादकाने स्पष्ट मान्य केला असेल तरच वापरावा. पॅक आगरोधक पिशवीत ठेवावा, आणि चार्जिंग चालू असताना तेथून हलू नये. सॅडल पॅकच्या (दोन वेगळ्या भागांत विभागलेल्या पॅकच्या) भागांची जोडणी करताना किंवा बुलेट प्लग (एकेका तारेचे गोल पिनसारखे जोड) लावताना धन आणि ऋण टोके दोनदा तपासावीत, कारण तेथे झालेला शॉर्टसर्किट क्षणात तार वितळवतो.

तांत्रिक तपासणीत सर्वाधिक अडचण येते ती व्होल्टेजची. लायपोच्या प्रत्येक सेलची कमाल मर्यादा 4.20 व्होल्ट, म्हणून दोन सेलच्या पॅकला 8.40. चार्जर 8.40 दाखवत असला, तरी तपासनिसाच्या मीटरवर 8.42 येऊ शकते, आणि ग्राह्य धरले जाते ते त्याच्याच मीटरचे वाचन. यासाठी सरावाच्या दिवशीच आपला पॅक त्या मीटरवर लावून पाहावा आणि चार्जरला सोय असेल, तर शेवटचे व्होल्टेज प्रतिसेल 4.19 किंवा 4.18 वर बसवावे. एवढ्याने गमावलेला वेग अत्यल्प असतो. अपात्र ठरल्यास मात्र संपूर्ण फेरी हातची जाते. उच्च व्होल्टेजच्या लायपोचे सेल 4.35 व्होल्टपर्यंत चार्ज होत असले, तरी 8.40 ची मर्यादा असलेल्या वर्गात तेही तेवढ्यावरच थांबवावे लागतात. पॅक गरम केल्याने रोध उतरतो, म्हणून काही जण तशी तयारी करतात. पण अनेक स्पर्धांत त्यावर बंदी किंवा तापमानाची मर्यादा असते, तेव्हा आयोजकांना आधीच विचारावे.

शर्यतीत स्पीड कंट्रोलरचे (मोटरला जाणारी वीज नियंत्रित करणाऱ्या उपकरणाचे) किमान व्होल्टेज, म्हणजे ज्याखाली तो बॅटरी वाचवण्यासाठी वीज तोडतो ते, प्रतिसेल 3.2 च्या आसपास ठेवावे. पुढील फेरीसाठी पॅक थंड झाल्यावरच पुन्हा चार्ज करावा, आणि काही दिवस वापर होणार नसेल तर प्रतिसेल सुमारे 3.8 व्होल्टवर आणून ठेवावा. कवच फुगलेले किंवा तडकलेले दिसले, तर पॅक किती महाग होता याचा विचार न करता तो वापरातून काढावा आणि बॅटरी स्वीकारणाऱ्या पुनर्वापर केंद्राकडे द्यावा.