फोनवरच पोट असणाऱ्यांनी फोनला सुट्टी कशी द्यावी

लातूर जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात मी गेली अकरा वर्षं सेवा केंद्र चालवते. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं मशीन, अंगठ्याचं मशीन आणि दोन मोबाईल, एवढा संसार. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, पॅनकार्ड, पोरांचे स्कॉलरशिपचे अर्ज. सकाळी नऊला शटर वर जातं आणि तेव्हापासून डोळ्यापुढचा पडदा हलत नाही.

'फोन बाजूला ठेवा, निसर्गात जा' असं सांगणारे पुष्कळ आहेत. ज्याचं पोटच फोनवर आहे त्यानं काय करावं, हे मला कुणी सांगितलं नाही. म्हणून जे करून पाहिलं आणि टिकलं, ते लिहिते आहे. सेवा केंद्रवाले, आशाताई, शिक्षक, बँक मित्र, दुकानदार, ज्यांना फोन बंद करताच येत नाही त्यांच्यासाठी.

२०२४ चा जुलै. एक रुपयात पीक विमा आणि लाडकी बहीणचे फॉर्म एकदमच आले. रांग शटरच्या बाहेर रस्त्यापर्यंत. दिवसा नेट रांगायचं, म्हणून रात्री एक-एक वाजेपर्यंत मी फॉर्म भरत बसायची. त्यातच एक दिवस सत्तरीच्या एक आजी केवायसीसाठी आल्या. अंगठा लागेना. जन्मभर खुरपणं, काढणी, शेणामातीत हात. अंगठ्यावरच्या रेषाच झिजून गेलेल्या. चौथ्यांदा लाल दिवा लागला तसा मी त्यांचा हात ओढला आणि मशीनवर दाबला. 'नीट दाबा की आजी!' आवाज इतका चढला की रांग गप्प झाली. आजी हळूच म्हणाल्या, 'माय, अंगठा झिजला गं, म्या काय करू?'

मी उठून मागच्या खोलीत गेले. रडू आलं नाही, याचीच जास्त भीती वाटली.

मग मागचे दिवस आठवत बसले. ओटीपीचा आवाज आला की छातीत धस्स व्हायचं. एकच मेसेज तीनदा वाचायची. घरी पोरगा शाळेतलं सांगायचा, मी 'हं, हं' करायची, आणि दुसऱ्या दिवशी तेच त्याला परत विचारायची. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे. आजार म्हणून नाही, तर कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. तिच्या तीन खुणा सांगितल्यात. अंगातलं बळ सरणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं वाटणं. माझ्यात तिन्ही होत्या. तुमच्यात एक जरी दिसत असेल, तरी पुढचं वाचा.

आधी आठ दिवस नुसतं मोजा

लगेच काही बंद करू नका. उधारीच्या वहीचं मागचं पान काढा. कामासाठी फोन उचलला की डाव्या बाजूला रेघ, उगाच उचलला की उजव्या बाजूला. फोनमध्ये डिजिटल वेलबीइंग म्हणून सोय असते, ती किती वेळा अनलॉक केला ते सांगते. पण कशासाठी केला ते तिला कळत नाही. ते तुम्हालाच लिहावं लागतं.

माझ्या पहिल्या दिवशी ६१ रेघा झाल्या, त्यातल्या कामाच्या १९. मला वाटत होतं की गिऱ्हाईकांनी मला पिळून काढलंय. वहीनं सांगितलं की निम्म्याहून जास्त वेळा मी स्वतःच हात घालतेय. त्यातही एक गोष्ट ध्यानात आली, ती फार कामाची आहे. वेळ बघायला फोन उचलायचा आणि अर्ध्या तासानं खाली ठेवायचा. तारीख बघायला, हिशोब करायला, अंधारात उजेडाला, प्रत्येक वेळी तेच.

म्हणून बाजारातून एक गजराचं घड्याळ आणलं, दुकानात भिंतीवर कॅलेंडर टांगलं, गल्ल्यात कॅल्क्युलेटर ठेवला, घरात बॅटरी आणली. सगळं मिळून हजाराच्या आत. दुसरं काही जमलं नाही तरी एवढं करा. सकाळी डोळे उघडल्या-उघडल्या हातात फोन येणं याच एका घड्याळानं थांबलं.

फोन बंद करायच्या आधी माणसांना सांगा

माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हेच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

पहिल्यांदा मी चुकीचं केलं. एका रात्री वैतागून फोन बंद करून टाकला. झोप लागलीच नाही. कुणाची शेवटची तारीख असेल, माहेरी आई एकटी असते, तिला काही झालं तर? सकाळी चालू केला तर लोक रागावलेले. दोन दिवसांत फोन परत उशाशी आला. न सांगता घेतलेली सुट्टी ही सुट्टी नसते, ती लपून बसणं असतं; आणि लपलेल्या माणसाला विसावा मिळत नाही.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, शेतकरी घरातल्या. त्या म्हणाल्या, 'बैलं दुपारी सोडतेतच की. नाही सोडली तर सांच्याला औत चालंल का? आन् गड्याला ठाव असतंय कवा सुटनार ते.' गड्याला ठाऊक असतं, हे मी धरून ठेवलं.

दुकानावर पाटी लावली. 'दुपारी २ ते ३ आणि रात्री ८ नंतर काम बंद. फारच अडलं असेल तर घरी या.' शेवटचं वाक्य लिहिताना हात थबकला होता, पण त्यानंच मला वाचवलं. ज्याचं खरंच अडलंय तो दारात येतो. ज्याला नुसतं 'झालं का?' विचारायचंय तो सकाळपर्यंत थांबतो. पहिल्या तीन महिन्यांत घरी दोघंच आले. एकाला दवाखान्यात दाखल केलेल्या वडिलांसाठी कागद पाहिजे होता, दुसऱ्याच्या मुलीच्या प्रवेशाची ती शेवटची रात्र होती. दोघांचंही काम मी आनंदानं केलं, आणि तो आनंद मला फार दिवसांनी झाला होता.

मग व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये अवे मेसेज, म्हणजे आपण नसताना आपोआप जाणारं उत्तर, लावला. सेटिंगमध्ये व्यवसायाच्या साधनांत तो सापडतो, वेळही ठरवून देता येते. मजकूर काय लिहायचा यावर सगळं अवलंबून आहे. नुसतं 'आम्ही उपलब्ध नाही' लिहिलं की लोक जास्तच फोन करतात. माझा मजकूर असा आहे: 'रात्री ८ ते सकाळी ९ फोन बंद असतो. कागदाचे फोटो पाठवून ठेवा. ज्याचा मेसेज आधी, त्याचं काम आधी.' माणूस दहा वेळा फोन का करतो? आपला नंबर जाईल या भीतीनं. नंबर पक्का झाला की तो निवांत झोपतो आणि आपणही.

आईची काळजी होती, तिच्यावरही तोड निघाली. फोनच्या डू नॉट डिस्टर्बमध्ये जवळच्या माणसांचे नंबर स्टार करून त्यांनाच वाट मोकळी ठेवता येते. शिवाय एकाच नंबरावरून पंधरा मिनिटांच्या आत दुसरा फोन आला तर तो वाजू द्यायचा, अशीही सोय असते. आईला सांगून ठेवलंय, 'लागला नाही तर लगेच परत लाव.' हे एकदा तपासून बघा, घरातल्याच दुसऱ्या फोनवरून. तपासलं नाही तर मनाची खात्री पटत नाही.

ग्रुपचं थोडक्यात सांगते. सोडवत नाहीत ते कायमचे म्यूट करा, अर्काइव्हमध्ये टाका, फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. कामाचा ग्रुप दिवसातून दोन ठरलेल्या वेळी बघा. मी सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला बघते. अजून एकही सूचना हुकली नाही.

फोनची जागा आणि हाताला काम

आमचं घर जुनं, जाड भिंतींचं. बाहेरच्या दाराजवळ एक देवळी, म्हणजे भिंतीतला कोनाडा आहे, पूर्वी तिथं कंदील असायचा. रात्री आठला फोन तिथं जातो, चार्जरही तिथंच. वाजला तर ऐकू येतो, पण बघायला उठून जावं लागतं, आणि त्या सात-आठ पावलांतच निम्म्या वेळा मन माघारी फिरतं. उशाशी, मांडीवर, पदराच्या गाठीशी फोन ठेवून 'मी बघणार नाही' असं ठरवू नका. ते कुणालाच जमत नाही.

पहिले आठ-दहा दिवस जड जातात, हे आधीच सांगते. फोन जवळ नसताना मांडीपाशी थरथरल्यासारखं व्हायचं. साडेआठच्या सुमाराला जीव कासावीस व्हायचा. अशा वेळी नुसतं बसू नये, हाताला काम द्यावं. मी सुपात तूर घेऊन निवडत बसायची. खडा बोटाला लागतो, डाळीचा फुफाटा नाकात जातो, डोळे हातभर अंतरावर शांत फिरतात. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे तिसरी वस्तू धरायला जागाच नाही. आत्या शेजारी लसूण सोलायच्या. पंधरा दिवसांत त्यांनी मला त्यांच्या माहेरच्या इतक्या गोष्टी सांगितल्या, जितक्या पंधरा वर्षांत सांगितल्या नव्हत्या. तुम्हाला तूर नको असेल तर झाडांना पाणी घाला, पोराला अभ्यासाला घेऊन बसा, पेटी शिका. पण पडद्याच्या जागी दुसरा पडदा नको. फोन ठेवून टीव्ही लावला तर डोकं तेवढंच शिणतं.

एकट्यानं जमत नसेल तर शेजार सोबत घ्या. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावानं २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यात, उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनंही मुलांच्या अभ्यासासाठी संध्याकाळचे सहा ते आठ असेच मोकळे ठेवायचं ठरवलं. सगळ्यांचेच बंद असतात तेव्हा आपलं काही हुकतंय ही टोचणी राहत नाही, हे यातलं खरं बळ. आमच्या गल्लीत भोंगा नाही. चार घरांनी मिळून एक तास ठरवला, त्यातली दोन घरं टिकली. तेवढीही पुरतात.

डोळ्यांसाठी एकच. दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फूट लांब बघायचं. माझ्या खुर्चीतून रस्त्यापलीकडचं लिंबाचं झाड तेवढ्याच अंतरावर आहे. पडद्याकडे बघताना पापण्या कमी लवतात, म्हणून झाडाकडे बघताना मुद्दाम चार-सहा वेळा मिटायच्या.

हंगामात काय करायचं

जुलैअखेरीस मी सुट्टी घेऊ शकत नाही, आणि घ्या असं तुम्हालाही सांगणार नाही. शेतकऱ्याची तारीख चुकली तर त्याचं वर्ष जातं. पण हंगामातही दुपारी जेवताना फोन पलीकडच्या टेबलावर असतो, आणि रांगेतल्या लोकांना मी सकाळीच नंबराच्या चिठ्ठ्या वाटते. अंगठ्याच्या मशीनजवळ ओलं फडकं ठेवलंय. बोट पुसून घ्यायचं, अंगठा नाही लागला तर दुसरं बोट लावून बघायचं, आणि तिसऱ्यांदा लाल दिवा लागला की आजी-आजोबांना बसवून पाणी द्यायचं, तोवर पुढचा नंबर. ही माझी स्वतःसाठीची विश्रांतीही आहे.

आणि हंगाम संपायच्या आधीच नंतरचा एक दिवस कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवते. 'जरा मोकळं झालं की घेऊ' म्हटलं की तो दिवस कधीच येत नाही.

हे सगळं करूनही पंधरा-वीस दिवस झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो नुसता फोनचा शीण नाही. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर सरकारचा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी तो दुकानातही लावून ठेवलाय, सातबाराच्या दरपत्रकाशेजारी.

आता आख्ख्या दिवसाची सुट्टी. ती कशी घ्यावी यासाठी आपल्याला कुठलं शिबिर शोधायची गरज नाही, आपल्याकडे येळवस आहे. मार्गशीर्षातली अमावस्या, शेतात जाऊन पूजा करायचा आणि तिथंच जेवायचा सण. लातूर-धाराशिवकडची गावंच्या गावं त्या दिवशी रिकामी होतात, लातूर शहरातले रस्तेसुद्धा ओस पडतात. २०२४ ची येळवस ३० डिसेंबरला, सोमवारी आली. सोमवार म्हणजे धंद्याचा दिवस. आठ दिवस आधी पाटी लावली: 'येळवसला केंद्र बंद, फोनही बंद.' एकानंही का म्हणून विचारलं नाही. जी सुट्टी सगळ्या गावाला कळते, तिचा हिशोब द्यावा लागत नाही.

फोन देवळीत ठेवूनच निघालो. आत्यांच्या डोक्यावर आंबिलाचं मडकं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, आत चुन्यानं रंगवलेले दगडांचे पांडव, भोवती हिरवा, हुरड्यात यायला लागलेला जोंधळा. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, चिंच घालून शिजलेली भज्जी आणि बाजरीचे उंडे. पोरगा दिवसभर हरभऱ्याचे घाटे सोलत हिंडला. मला दुपारी कोपीच्या सावलीत झोप लागली, ती सूर्य कलल्यावर उघडली. संध्याकाळी हेंडगा, म्हणजे गवत-कडब्याची पेंढी, पेटवून शेताला फेरी झाली आणि अंधारात चालत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी नऊला फोन चालू केला. सत्तावीस मिस्ड कॉल, त्यातले नऊ एकाच माणसाचे. त्याला आधी लावला. म्हणाला, 'काई नाई ताई, तुमचं शेत कोनत्या शिवारात हाय ते इचारायचं होतं. भज्जी पाठवावी म्हनलं.'