डिझाइन भारी पण पोस्ट बसली? व्हिज्युअल कंटेंटमधल्या या चुका टाळा

"रीच पडलाय, अल्गोरिदम बदललाय वाटतं" (म्हणजे पोस्ट कमी लोकांना दिसतेय, कुणाला काय दाखवायचं हे ठरवणारी ॲपची पद्धत बदलली असावी) असं कुणी म्हणालं की आधी त्याची पोस्ट साध्या फोनवर उघडून बघायची, बऱ्याचदा अल्गोरिदमपर्यंत जायची वेळच येत नाही. अक्षरं इतकी बारीक की वाचायला झूम करावं लागतं, ऑफरची तारीख लाइकच्या बटणाखाली गेलेली, लोगोचा लाल रंग कडेनं फुटलेला. होतं काय, पोस्ट बनवणारा मोठ्या मॉनिटरवर एकच चित्र अर्धा तास निरखत बसतो आणि बघणारा तेच चित्र हातातल्या फोनवर, उन्हात, आवाज बंद करून, अंगठा थांबला तर थांबला अशा बेतानं बघतो. खाली दिलेल्या निम्म्याहून जास्त भानगडी या एका फरकातून येतात, म्हणून पोस्ट करण्याआधी ती स्वतःच्या फोनवर पाठवून, हात लांब करून एकदा बघायची सवय लावा, त्याला एक मिनिट लागतं आणि पैसा लागत नाही.

एकच बॅनर सगळीकडे चिकटवणं

हा सगळ्यात कॉमन प्रकार. वेबसाइटसाठी आडवा बॅनर बनवला, तोच इन्स्टावर टाकला, तोच स्टोरीला, तोच यूट्यूबला. आडवा फोटो उभ्या फोनवर पट्टीएवढा दिसतो आणि वर-खाली दुसऱ्यांच्या पोस्टला जागा मिळते. इन्स्टाच्या फीडला १०८० बाय १३५० पिक्सेल म्हणजे ४:५ हा साइज घ्या, स्टोरी आणि रीलला १०८० बाय १९२०, यूट्यूब थंबनेलला म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या चित्राला १२८० बाय ७२० आणि वेबसाइटची लिंक शेअर केल्यावर जो फोटो दिसतो त्याला १२०० बाय ६३०. हे चार साइज टेम्पलेट म्हणून सेव्ह करून ठेवले की रोजचं काम भागतं.

पण साइज बरोबर असूनही मजकूर कापला जातो तेव्हा लोक गोंधळतात. रीलवर खाली अकाउंटचं नाव, कॅप्शन, गाण्याचं नाव असतं, उजवीकडे लाइक-कमेंटची रांग असते, आणि आपण नेमकं तिथंच "आजच बुक करा" लिहून ठेवतो. रील्सच्या जाहिरातींसाठी मेटाचाच (इन्स्टा-फेसबुकची कंपनी) सल्ला आहे की वरचे साधारण १४ टक्के, खालचे ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचे ६-६ टक्के मोकळे सोडा. खालचे ३५ टक्के म्हणजे १९२० पैकी जवळपास ६७० पिक्सेल, ऐकायला खूप वाटतात पण रील चालू करून मोजून बघा, खरंच तेवढे जातात. साध्या रीललाही हाच हिशोब लावलेला बरा. यूट्यूबवर उजव्या खालच्या कोपऱ्यात व्हिडिओची वेळ दिसते, त्यामुळे तिथं लोगो ठेवला तर तो झाकलाच जाणार.

अजून एक. जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टानं प्रोफाइलचा ग्रिड म्हणजे पोस्टच्या छोट्या चित्रांची जाळी, चौकोनी होता तो उभा केला, आणि नऊ-नऊ पोस्ट जोडून एक मोठं चित्र बनवणाऱ्यांची सगळी जुळवाजुळव एका रात्रीत विस्कटली. असले ग्रिडचे खेळ मला तसेही पटत नाहीत, कारण फीडमध्ये ती पोस्ट एकेकटी येते आणि एकेकटी बघितली तर तिच्यात नुसता कुणाचा तरी अर्धा कान असतो. मेन गोष्ट मधोमध ठेवा, म्हणजे उद्या परत साइज बदलला तरी फार नुकसान नाही.

फोटो अपलोड केल्यावर फुटतो, धूसर होतो

इथं जरा थांबून बघू, कारण याचं खापर नेहमी ॲपवर फुटतं आणि घोळ मात्र फोटो ॲपपर्यंत पोचायच्या आधीच झालेला असतो. फोटोग्राफरनं फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, तिथं तो कॉम्प्रेस झाला. डिझायनरनं तो वापरून पोस्ट बनवली आणि ॲप्रूव्हलसाठी परत व्हॉट्सॲपवर टाकली, परत कॉम्प्रेस. क्लायंटनं त्याचा स्क्रीनशॉट काढून पोस्ट केला आणि इन्स्टानं स्वतःचं कॉम्प्रेशन वरून केलं. चार वेळा पिळलेल्या फोटोत राहणार काय? उपाय साधाय, फाइल ड्राइव्हच्या लिंकनं पाठवा किंवा व्हॉट्सॲपवरच पाठवायची असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एचडीचा पर्याय आहे, तो नेहमीपेक्षा बरा, पण तोही ओरिजिनल फाइल देत नाही.

आता हे सगळं करूनही धूसर येतंय तर या क्रमानं बघा. फाइलची रुंदी १०८० पेक्षा कमी आहे का? असेल तर ती ताणली जातेय, आणि लहान फोटो एडिटरमध्ये नुसता मोठा करून काही होत नाही, मोठी ओरिजिनल फाइलच मागवा. रुंदी खूपच जास्त असेल तर ॲप स्वतःच्या पद्धतीनं ती छोटी करतं, त्यापेक्षा आपणच १०८० वर एक्स्पोर्ट केलेली बरी. मग इन्स्टाच्या सेटिंगमध्ये मीडिया क्वालिटीत जाऊन हाय क्वालिटी अपलोड चालू आहे का आणि डेटा सेव्हर बंद आहे का ते तपासा, हे बघायचं सगळेच विसरतात.

आणि हो, "३०० डीपीआय करून द्या" ही मागणी सोशल मीडियासाठी बिनकामाची आहे. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके, ते छपाईसाठी असतं, स्क्रीनवर फक्त पिक्सेल किती आहेत ते चालतं, १०८० पिक्सेलची फाइल ७२ ला ठेवा नाहीतर ३०० ला, फोनवर काडीचाही फरक दिसणार नाही.

लाल अक्षरांच्या कडा फुटतात त्याचं कारण वेगळंय. जेपीजीमध्ये उजेड-अंधाराची माहिती बारकाईनं ठेवतात आणि रंगाची माहिती मात्र सहसा जाडीभरडी, कारण डोळ्याला ती तफावत एरवी जाणवत नाही. पण काळ्या किंवा निळ्या बॅकग्राउंडवर भडक लाल अक्षर आलं की ती चोरी उघडी पडते. फोटो असेल तर जेपीजी, अक्षरं-लोगो-चार्ट असेल तर पीएनजी, एवढं पाळा, आणि बारीक अक्षरं शुद्ध लाल रंगात नकोतच, कारण ॲप पीएनजीलाही शेवटी जेपीजी करून टाकू शकतं.

रंगच पूर्ण बदलले, निऑन हिरवा किंवा भलताच मळकट दिसायला लागला, तर फाइल बहुतेक सीएमवायके या छपाईच्या रंगपद्धतीत आहे, म्हणजे छापायच्या ब्रोशरची फाइल कुणीतरी तशीच उचललीय. एसआरजीबी या स्क्रीनच्या रंगपद्धतीत एक्स्पोर्ट करा, विषय संपला. व्हिडिओत असंच होतं, आयफोनवर शूट केलेला व्हिडिओ गॅलरीत मस्त दिसतो आणि अपलोड केला की पांढराफटक किंवा डोळ्यावर येईल इतका उजळ. तिथं एचडीआर (उजेड-अंधार जास्त टिपणारा मोड) चालू असतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये व्हिडिओसाठी ते बंद करून शूट करा, आधीच शूट झालं असेल तर एडिटरमध्ये साध्या रंगात म्हणजे एसडीआरमध्ये बदलून घ्या.

पोस्टवर अख्खं पत्रक छापणं

पूर्वी फेसबुकचा नियम होता की जाहिरातीच्या फोटोत २० टक्क्यांपेक्षा जास्त मजकूर नको, तो २०२० मध्येच काढला. काही जण अजूनही तो सांगत फिरतात आणि काही जणांनी तो गेल्याचा आनंद म्हणून पोस्टवर पाच परिच्छेद टाकायला सुरुवात केलीय. नियम नाहीये, पण माणसाचे डोळे तेच आहेत. एका चित्रावर एकच गोष्ट सांगा, बाकीचं कॅप्शनमध्ये टाका. खूपच सांगायचं असेल तर कॅरूसेल म्हणजे बाजूला सरकवायच्या स्लाइडची पोस्ट करा, आणि त्यात पहिल्या स्लाइडवर "नमस्कार मित्रांनो" किंवा नुसता लोगो टाकून जागा वाया घालवू नका.

फोटोवर सरळ पांढरी अक्षरं टाकणं हाही रोजचाच गुन्हा. अर्धी अक्षरं आकाशावर येतात आणि गायब होतात. ॲक्सेसिबिलिटीच्या म्हणजे सगळ्यांना वाचता यावं यासाठीच्या मानकात साध्या मजकुरासाठी ४.५:१ आणि मोठ्या मजकुरासाठी ३:१ एवढा कॉन्ट्रास्ट सांगितलाय, मोजायला फुकटची टूल्स आहेत, आणि तेवढाही कंटाळा असेल तर फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, तसं केल्यावर अक्षर वाचता येत नसेल तर रंगातही कुणाला तरी ते वाचता येत नाहीये. लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणारे लोक आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरेच असतात, त्यामुळे चार्टमध्ये "लाल म्हणजे तोटा, हिरवा म्हणजे नफा" एवढ्यावरच भागवू नका, शब्दही लिहा.

मराठी मजकुराच्या चुका तर वेगळ्याच. इंग्रजी टेम्पलेटमध्ये अक्षरांमधली मोकळी जागा वाढवून स्टाइल केलेली असते, त्यातच देवनागरी पेस्ट केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे तुकडे दिसतात. ती स्पेसिंग शून्यावर आणा. दोन ओळींमधलं अंतर मात्र वाढवा, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत घुसतात. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटून हलंत दिसत असतील किंवा वेलांटी भलतीकडेच गेली असेल तर फॉन्ट बदलत बसू नका, आधी टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करा. आणि मजकूर पेस्ट केल्यावर अगम्य इंग्रजी अक्षरं उमटली तर तो जुन्या नॉन-युनिकोड (म्हणजे तो फॉन्ट नसेल तिथं न वाचता येणाऱ्या) फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे, कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, पण नंतर वाचून बघा, कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरांत हमखास गडबड करतात. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट फुकट आहेत आणि छोट्या स्क्रीनवर नीट वाचता येतात.

एआयनं चित्र बनवलं तर त्यातला देवनागरी मजकूर अक्षर न् अक्षर तपासा, लांबून मराठी वाटतं आणि जवळून बघितलं तर नसलेलीच अक्षरं असतात. त्यापेक्षा चित्र कोरं बनवून घ्या आणि अक्षरं स्वतः टाका.

व्हिडिओत पहिले तीन सेकंद लोगो फिरवणं

बघणारा तोवर पुढच्या रीलवर गेलेला असतो. लोगो शेवटी टाका, सुरुवातीला थेट गोष्ट दाखवा. सबटायटल टाकाच, आवाज बंद ठेवून बघणारे भरपूर आहेत, आणि ऑटो कॅप्शन वापरलं तर नावं आणि आकडे हातानं दुरुस्त करा, कारण चुका नेमक्या तिथंच होतात. कव्हर फ्रेम म्हणजे व्हिडिओच्या आधी दिसणारं चित्र, ती निवडली नाही तर ॲप कुठलीही उचलतं, बहुतेक वेळा डोळे मिटलेली. दुसऱ्या ॲपचा वॉटरमार्क (वर उमटलेला लोगो) असलेला व्हिडिओ तसाच चढवू नका, असे रील्स कमी लोकांना सुचवले जातात हे इन्स्टानं २०२१ मध्येच सांगितलंय. ओठ आणि आवाज जुळत नसेल तर बहुतेक फोन बदलत्या फ्रेम रेटनं (म्हणजे सेकंदाला कमीजास्त चित्रं घेत) शूट करतोय, एडिट करण्याआधी तो क्लिप ठराविक ३० फ्रेमवर कन्व्हर्ट करून घ्या.

बिझनेस अकाउंटला ट्रेंडिंग गाणं सापडत नाही किंवा टाकल्यावर आवाज बंद केला जातो, याला बग समजू नका. ती गाणी वैयक्तिक वापरासाठी असतात, धंद्यासाठी मेटाचं वेगळं साउंड कलेक्शन आहे, तिथलं घ्या.

"गुगलवरून घेतला"

गुगल फोटोचा मालक नाही, तो फक्त दाखवतो. "क्रेडिट: इंटरनेट" लिहिणं म्हणजे तर चोरीची कबुलीच. गुगल इमेजेसमध्ये युसेज राइट्सचा फिल्टर आहे, तो लावा, आणि क्रिएटिव्ह कॉमन्स (अटींसह फुकट वापराचा परवाना) दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका: एनसी असेल तर व्यावसायिक वापर चालत नाही, एनडी असेल तर फोटोत बदल करून तो पुढे टाकता येत नाही, बीवाय असेल तर नाव द्यावंच लागतं. अनस्प्लॅश, पेक्सेल्सवरचे फोटो धंद्याला चालतात, पण तेच हसणारे कॉर्पोरेट चेहरे तुमच्या स्पर्धकाकडेही असणार, मग फोनवर काढलेला स्वतःच्या कामाचा साधा फोटो परवडला. त्यात ग्राहक दिसत असेल तर आधी त्याला विचारा.

स्वतः काढलेल्या फोटोवर "एआय इन्फो" असं लेबल आलं तर घाबरू नका, एडिटरमधलं एखादं एआय टूल वापरलं की ते फाइलच्या मेटाडेटात म्हणजे फाइलसोबत लपलेल्या माहितीत नोंद सोडतं आणि मेटा ती वाचतं. तेवढी एडिट साध्या टूलनं परत करून एक्स्पोर्ट करा.

लिंकसोबत जुनाच फोटो येतो

वेबसाइटवर फोटो बदललाय पण शेअर केल्यावर जुनाच दिसतोय, कारण प्लॅटफॉर्मनं जुना साठवून ठेवलाय. फेसबुकसाठी शेअरिंग डीबगरमध्ये लिंक टाकून स्क्रेप अगेन करा, लिंक्डइनचं पोस्ट इन्स्पेक्टर आहे. व्हॉट्सॲपवर लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि काहीतरी छोटं जोडून पाठवलं की ते नवी लिंक समजून नवा फोटो घेतं. फोटोच येत नसेल तर पेजवर ओपन ग्राफचा इमेज टॅग (शेअर करताना कुठला फोटो दाखवायचा ते सांगणारा कोड) आहे का ते डेव्हलपरला विचारा.

आणि हे सगळं नीट असूनही पोस्ट चालत नसेल तर लाइक मोजू नका. लोकांपर्यंत पोचतेय पण कुणी थांबत नाही, तर पहिली फ्रेम किंवा पहिली स्लाइड बदला. थांबतात पण मध्येच सोडतात, तर लांबी कमी करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, फोटो, हेडलाइन आणि पोस्टची वेळ तिन्ही एकदम बदलून "आता चालली" म्हणालात तर कशानं चालली ते सांगता येणार नाही. यूट्यूबवर एका व्हिडिओला तीन थंबनेलपर्यंत लावून तुलना करायची सोय आहे, आणि तिथं निकाल क्लिकवर नाही तर वॉच टाइमवर लागतो, म्हणजे भडक थंबनेल लावून आत दुसरंच काही दाखवणाऱ्याला त्याचा फायदा मिळणं अवघडच.