छोटं ऑटोमॅटिक ड्रिल युनिट बनवताना या चुका टाळा

विमानाच्या पंखात काही कप्पे असे असतात, की हात जेमतेम शिरतो. तिथं भोक पाडायला यंत्र छोटंच लागतं. पण छोटं करायच्या नादात नवी पोरं त्याच त्या चुका करतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एमएस, म्हणजे साध्या पोलादाच्या, प्लेटवर ट्रायल घेऊन खूश होणं. आमच्या शिरोलीच्या शेडमध्ये दोघांनी मॅग्नेटिक बेसवर युनिट उभं केलं. एमएसवर भोकं झकास पडली. टायटॅनियमची पट्टी ठेवली, तर बेस चिकटेचना. टायटॅनियम, अॅल्युमिनियम, कार्बन फायबर, यातल्या कशालाच चुंबक धरत नाही. मग घाईघाईत 100 मिमीचा व्हॅक्यूम कप लावला. हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो, म्हणजे पूर्ण निर्वात झालं तरी पकड 80 किलोच्या आसपास, आणि पूर्ण निर्वात कधी होत नाही. त्यात ड्रिल कपापासून हातभर लांब. फीड, म्हणजे ड्रिल पुढं रेटणं, सुरू होताच कप एका कडेनं उचलला आणि 6 मिमीचं कार्बाइड ड्रिल मोडलं. तो कडाका अजून कानात आहे.

तेव्हापासून मी खऱ्या मटेरियलचा तुकडा हातात आल्याशिवाय ड्रॉइंगला हात लावत नाही. युनिट धरायला शेजारच्या भोकात फुलणारं कोलेट (आतून पकड घेणारी चिरलेली नळी) वापरतो, म्हणजे जोर लागतो तिथंच पेलला जातो. आणि युनिटचा हात, म्हणजे पकडीपासून ड्रिलपर्यंतचं अंतर, आखूड ठेवतो: लांबी दुप्पट झाली की त्याच जोराला वाक आठपट होतो. मोटर निवडायच्या आधी स्पिंडलच्या (ड्रिल फिरवणाऱ्या दांड्याच्या) टोकाला डायल (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं माप) लावून हातानं दाबून बघा. काटा हलला, तर मोठी मोटर तुम्हाला वाचवणार नाही.

कार्बन फायबर आणि टायटॅनियमच्या एकावर एक थराला एकच आरपीएम (मिनिटाला फेरे) ठेवू नका. 6 मिमीच्या ड्रिलला कार्बनमध्ये साधारण 4000 चालतात, टायटॅनियममध्ये 800 च्या आसपास या. टायटॅनियम अॅल्युमिनियमच्या जेमतेम विसाव्या हिश्शानं उष्णता वाहून नेतं, म्हणून धार तिथंच जळते. फीड थांबवून ड्रिल नुसतं फिरवत ठेवू नका. चिप (कापून निघालेला धातूचा कीस) अडकू देऊ नका, वर येताना ती कार्बनचं भोक ओरबाडते.

कार्बनमधून ड्रिल बाहेर पडतं त्या बाजूला आधार द्या, नाहीतर थर सुटतात.

धूळ ओढणारं सक्शन नंतर लावू म्हणणाऱ्यांनो, कार्बनची धूळ वीज वाहते. कंट्रोल कार्डात गेली की शॉर्ट होतो.