मेंढीकोट शिकताना : चार मित्र, बावन्न पाने आणि चार दश्श्या

वडोदऱ्यातील दांडिया बाजार, रावपुरा आणि बाबाजीपुरा या भागांतील मराठी घरांत पत्त्यांचा जोड बहुधा असतोच, आणि श्रावणातल्या पावसात किंवा जन्माष्टमीच्या सुट्टीत तो बाहेरही निघतो. मात्र महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांची मजल बदाम सात आणि झब्बू यांच्यापुढे जात नाही. त्यांना पुढचा खेळ म्हणून मी मेंढीकोट सुचवतो. तो हसतखेळत खेळता येतो, त्याचे नियम थोड्या वेळात समजतात, आणि तरीही चुरस इतकी असते की हरलेली जोडी दुसरा डाव मागितल्याशिवाय उठत नाही. गुजराती मित्रमंडळींतही हा खेळ रुळलेला असल्यामुळे मिश्र कंपूत तो सहज जमतो; फक्त कोणी इस्पिकला काळी आणि बदामाला लाल म्हटले तर गोंधळू नये.

या खेळाला चार जण लागतात. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू असतात आणि जोडी डाव संपेपर्यंत बदलत नाही. जोकर बाजूला काढून उरलेली ५२ पाने पिसावीत, वाटणाऱ्याच्या शेजाऱ्याने ती काटावीत, आणि मग उजव्या हाताच्या खेळाडूपासून सुरुवात करून प्रत्येकाला आधी पाच, नंतर चार आणि पुन्हा चार अशी एकूण १३ पाने वाटावीत. पाने वाटणे आणि खेळणे दोन्ही उजवीकडे सरकते. एक्का सर्वांत मोठा, त्याखाली राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि पुढे उतरत दुर्रीपर्यंत असा पानांचा क्रम आहे. पहिली उतारी, म्हणजे फेरीतले पहिले पान टाकणे, वाटणाऱ्याच्या उजवीकडचा खेळाडू करतो. ज्या रंगाची उतारी झाली त्या रंगाचे पान हातात असेल तर तेच टाकावे लागते. त्या रंगातले सर्वांत मोठे पान ज्याचे, त्याचा हात होतो, म्हणजे चौघांनी टाकलेली चार पाने त्याला मिळतात, आणि पुढची उतारीही तोच करतो. रंग असतानाही दुसरे पान टाकणे ही या खेळातील सर्वांत मोठी चूक समजली जाते, आणि तसे उघडकीस आल्यास तो डाव त्या जोडीने हरला असे धरण्याची पद्धत मला योग्य वाटते.

चारही रंगांच्या दश्श्यांना मेंढ्या म्हणतात आणि सगळा खेळ त्यांच्याभोवती फिरतो. ज्या जोडीने केलेल्या हातांत तीन किंवा चार मेंढ्या येतात ती डाव जिंकते. दोन्हीकडे दोन-दोन आल्या तर १३ पैकी सात किंवा अधिक हात करणारी जोडी जिंकते. चारही मेंढ्या एकाच जोडीने नेल्या की समोरच्यांवर मेंढीकोट चढतो, आणि तेराच्या तेरा हात केले तर त्याहूनही मोठा विजय मानला जातो. नवख्या खेळाडूचे लक्ष नेमके येथेच चुकते. प्रत्येक हात आपणच करावा, असे त्याला वाटते आणि दश्शी नसलेल्या हातावर तो एक्के-राजे खर्च करतो. माझ्या मते मेंढीकोट शिकणे म्हणजे मुख्यतः दोन गोष्टी शिकणे होय: रिकामा हात शांतपणे सोडून देणे, आणि भिडूच्या खात्रीच्या पानावर आपली दश्शी निःशंकपणे ठेवणे.

हुकूम, म्हणजे इतर रंगांना कापणारा रंग, ठरवण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. कट हुकुमात सुरुवातीला हुकूम नसतोच. खेळता खेळता ज्याच्याकडे उतारीचा रंग पहिल्यांदा नसेल, तो जे पान टाकेल त्याच्या रंगाचा हुकूम होतो आणि तो डाव संपेपर्यंत टिकतो. हुकमाचे लहानात लहान पानही इतर रंगांच्या एक्क्याला कापते. एकाच हातात दोन हुकूम पडले तर त्यांतील मोठ्याचा हात होतो. बंद हुकुमात वाटणाऱ्याच्या उजवीकडचा खेळाडू खेळ सुरू होण्याआधी आपले एक पान पालथे ठेवतो, आणि कोणाचा तरी रंग संपला की ते उघडून हुकूम जाहीर होतो. शिकणाऱ्यांनी कट हुकुमापासूनच सुरुवात करावी, कारण त्यात हुकूम कसा जन्माला येतो हे डोळ्यांसमोर घडते.

पहिले दोन-तीन डाव सर्वांनी पाने उघडी मांडून खेळावेत, असे मी आग्रहाने सांगतो. तोंडी नियम कितीही समजावले तरी दश्शी कधी द्यायची आणि कधी राखायची हे चौघांची पाने समोर दिसल्याशिवाय मनात बसत नाही. उदाहरणार्थ असा एक डाव घेऊ. आपल्याकडे बदामाचा एक्का, सत्ती, तिर्री आणि दुर्री. इस्पिकचा एक्का, राणी, दश्शी, अठ्ठी आणि पंजी. चौकटचा गुलाम, छक्की आणि दुर्री. आणि किलवरची एकटी तिर्री, अशी १३ पाने आहेत आणि उतारी आपली आहे.

आपण बदामाचा एक्का टाकतो. उजवीकडचा चौकी टाकतो, आणि समोरच्या भिडूने आता विचार करावा तो असा: एका रंगाची १३ पाने चार जणांत विभागलेली असताना पहिल्याच फेरीत कोणाकडे तो रंग मुळीच नसणे हे क्वचितच घडते, त्यामुळे हा एक्का आता कापला जाण्याची भीती थोडी आहे, मात्र हीच बदामाची दश्शी दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीपर्यंत राखून ठेवली, तर तोवर कोणाचा तरी बदाम संपलेला असेल. म्हणून तो दश्शी आत्ताच ठेवतो, डावीकडचा पंजी टाकतो आणि एक मेंढी आपल्या घरी येते.

दुसरी उतारीही आपलीच. येथे नवखा खेळाडू आनंदाच्या भरात इस्पिकचा एक्का काढतो. त्याऐवजी आपण किलवरची एकटी तिर्री टाकतो. हा हात जाणार हे आपल्याला ठाऊक आहे, पण त्या बदल्यात आपल्या हातातील किलवर संपतो. उजवीकडचा किलवरचा एक्का लावतो, भिडू चौकी टाकतो, डावीकडचा छक्की टाकतो. समोरच्यांनी एक हात केला, पण तो रिकामा आहे. आता उजवीकडचा किलवरचा राजाही काढतो, कारण आपल्या भिडूकडे किलवरची दश्शी आहे असा त्याचा कयास आहे आणि तो खराही आहे: भिडूकडे चौकी आणि दश्शी अशी दोनच किलवरे होती, त्यामुळे राजावर त्याला दश्शी टाकणे भागच पडते. डावीकडचा अठ्ठी टाकतो. आता शेवटी आपली पाळी. आपल्याकडे किलवर नाही. आपण इस्पिकची दश्शी टाकतो, त्याच क्षणी इस्पिक हुकूम होतो, आणि आपल्यानंतर खेळणारा कोणी उरलेला नसल्यामुळे तिला कोणी कापू शकत नाही. भिडूची जाणारी मेंढी वाचली आणि आपली स्वतःचीही घरी आली. तीन हातांत तीन मेंढ्या, म्हणजे डाव जिंकलाच. आता लक्ष फक्त चौकटच्या दश्शीवर, कारण ती मिळाली तर मेंढीकोट.

या एका डावात जवळपास सगळे डावपेच येऊन गेले. एखाद्या रंगाचे एकटे लहान पान असेल तर ते लवकर काढून टाकावे आणि कापण्याची वाट मोकळी करावी. हुकूम करण्याची संधी आल्यावर ज्या रंगाची आपल्याकडे सर्वांत जास्त पाने आहेत, तोच शक्यतो हुकूम करावा. दश्शीने कापायचे असेल तर आपली पाळी शेवटची असणे सर्वांत सुरक्षित. दुसऱ्या पाळीला दश्शीने कापले तर पुढच्या प्रतिस्पर्ध्याकडेही तो रंग नसल्यास तो हुकमाच्या गुलामाने ती उचलून नेऊ शकतो. आणि आपल्याकडे एखाद्या रंगाचा एक्का व राजा दोन्ही असतील तर ते लागोपाठ काढावेत, कारण समोरच्याकडे त्या रंगाची दश्शी आणि फक्त एकच लहान पान असेल तर दुसऱ्या फेरीत ती दश्शी पडतेच. याच कारणाने आपल्याकडे दश्शी असलेल्या पण एक्का-राजा नसलेल्या रंगाची उतारी आपण होऊन करू नये.

पाने लक्षात ठेवणे आवश्यक आहे, परंतु सुरुवातीला सगळी ५२ लक्षात ठेवण्याचा हट्ट धरू नये. प्रथम केवळ दश्श्या आणि एक्के कोणत्या हातात गेले एवढेच पाहावे. ते जमू लागले की राजा-राणीकडे वळावे, आणि त्यानंतर हुकमाची किती पाने पडली याची मोजणी करावी. कोणत्याही रंगात दश्शीच्या वर चारच पाने असतात. ती चारही पडून गेली की ती दश्शी त्या रंगात सर्वांत मोठी ठरते, आणि समोरच्यांकडचे हुकूमही संपले असतील तर ती उतारीलाच टाकून हात करता येतो.

मित्रांमध्ये खेळताना भांडणे होतात ती बहुधा नियमांच्या फरकामुळे. बंद हुकुमात हुकूम उघडायला लावणाऱ्याने हुकमानेच कापले पाहिजे की नाही, हरल्यावर पाने कोणी पिसायची, खाली पडलेला मागचा हात पुन्हा पाहता येतो की नाही, या बाबतींत घरोघरी निराळा रिवाज असतो. म्हणून खेळ सुरू करण्यापूर्वी आपले नियम एका कागदावर लिहून घ्यावेत. हुतूतूचे नियम एकसारखे करून १९२३ च्या सुमारास स्पर्धा भरवणारा हिंद विजय जिमखाना याच शहरातला. घरगुती खेळालाही लेखी नियम असावेत, हे वडोदऱ्याच्या माणसाला पटायला हरकत नसावी. गुणांसाठी आमच्या कंपूचा साधा ठराव असा आहे की साधा डाव जिंकल्यास एक, मेंढीकोट केल्यास दोन आणि तेराही हात केल्यास तीन गुण. दहा गुण आधी करणारी जोडी जिंकते आणि हरलेल्यांनी सर्वांना शेवउसळ खिलवायची. पैसे मात्र लावू नयेत. जुगाराला गुजरातेत १८८७ च्या कायद्यानुसार बंदी आहेच, शिवाय पैसा आला की रिकामा हात सोडून देण्याची मोकळीक मनातून जाते आणि खेळ बिघडतो.

भिडूला डोळ्यांनी, खोकून किंवा पान जोरात आपटून खुणा करणे हा उघड अन्याय आहे आणि तो पहिल्या डावापासूनच बंद ठेवावा. जे सांगायचे ते पानांतूनच सांगावे: भिडूने एखाद्या रंगाचे एकटे लहान पान उतारीला टाकले तर त्याला तो रंग संपवायचा आहे असे समजावे, आणि संधी मिळताच त्याच रंगाची उतारी करून त्याला कापू द्यावे. भिडूने चुकून दश्शी घालवली तर त्याच वेळी त्याला बोलू नये. डाव संपल्यावर ते चार-पाच हात पुन्हा मांडून पाहावेत. शिकणाऱ्याला याचा जितका उपयोग होतो तितका कोणत्याही उपदेशाचा होत नाही, आणि मी तर यासाठी दोन डाव कमी खेळले गेले तरी चालेल असे म्हणेन.

कधी कधी चारांऐवजी सहा जण जमतात. अशा वेळी कोणाला बाहेर बसवण्याची गरज नाही. चारही दुर्र्या काढून टाकल्या की ४८ पाने उरतात, प्रत्येकाला आठ मिळतात, आणि एकाआड एक बसलेल्या तिघा-तिघांचे दोन संघ होतात. यात हात आठच असल्याने दोन-दोन मेंढ्या आणि चार-चार हात अशी बरोबरी होऊ शकते. त्या वेळी डाव रद्द धरायचा की शेवटचा हात करणाऱ्यांना द्यायचा, हे पाने पिसण्यापूर्वीच त्या कागदावर लिहून ठेवावे.