ज्वारीचा माल्ट आणि त्याचा गोड काढा, घरच्या घरी

बिअर करायचा छंद लागलेला माणूस आधी यीस्ट शोधत फिरतो. खरं कसब त्याच्या आधीच्या दोन पायऱ्यांत असतं: धान्याला मोड आणून माल्ट करणं आणि त्या माल्टमधून गोड काढा उतरवणं. इथे या दोन पायऱ्याच सांगितल्या आहेत, आणि थांबायचंही तिथेच. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय घरी दारू गाळणं किंवा आंबवणं गुन्हा आहे; वर्धा आणि गडचिरोलीत तर पूर्ण दारूबंदीच. काढ्यात यीस्ट घालायचं नाही, सोडा घालून गार प्यायचा. चवीला तो बिनआंबवलेली बिअरच असतो.

पुस्तकातल्या कृती जवाच्या असतात. विदर्भात घरात असते ज्वारी, आणि जवाची कृती ज्वारीला जशीच्या तशी लावली की हमखास फसते. कारणं पुढे येतीलच.

दाणे

एक किलो पांढरी, टपोरी, याच हंगामाची ज्वारी घ्या. खरिपाची ज्वारी कणसात असताना पाऊस लागला की काळी पडते. ती बुरशी असते. असा दाणा भाकरीला चालवून घेतात, माल्टला अजिबात नको. मोड येताना ओल मिळाली की तीच बुरशी सगळ्या टोपल्यात पसरते. पेरणीचं उरलेलं बियाणंही नको. त्याला औषध चोळलेलं असतं, लाल-गुलाबी रंगावरून ओळखता येतं, आणि ते धुऊन जात नाही.

खात्री करायची तर शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा. दोन दिवसांत नव्वदच्या वर उगवले तर ज्वारी कामाची. कमी उगवली तर न उगवलेला दाणा टोपल्यात नुसता सडतो.

भिजवण

गंजात तीन लिटर पाणी घालून ज्वारी टाका, वर तरंगणारे पोचट दाणे काढून फेका. हिवाळ्यात २० ते २४ तास, उन्हाळ्यात १६ ते १८ तास. दर सहा-सात तासांनी पाणी ओतून टाका, तासभर दाणे तसेच निथळू द्या, मग ताजं पाणी घाला. हा तासभराचा श्वास दाण्याला लागतोच. सलग पाण्यात बुडलेली ज्वारी गुदमरते आणि आंबूस वास मारते. दाणा नखाने चिरून बघा: मधोमध कोरडा पांढरा खडू दिसत नसेल तर भिजवण झाली.

मोड

बांबूच्या टोपल्यात धुतलेलं सुती धोतर किंवा जुनं लुगडं ओलं करून अंथरा, त्यावर ज्वारी दोन-तीन बोटं जाडीने पसरा, वरून ओलं फडकं झाका. बारदाना वापरायचा तर धान्याचाच. खताचं किंवा फवारणीच्या औषधाचं पोतं कितीही धुतलं तरी नाही.

दिवसातून तीनदा पाणी शिंपडा आणि प्रत्येक वेळी हाताने खालवर करा. मोड येणारा दाणा स्वतः उष्णता सोडतो. ढीग न हलवता ठेवला तर मधोमध हात भाजल्यासारखा गरम लागतो, मुळं एकमेकांत गुंतून सतरंजी होते आणि आत चिकटपणा येतो. ज्वारीला २५ ते ३० अंश मानवतात. म्हणून हे काम दिवाळी ते होळी या दिवसांतलं. मे महिन्यात करायचंच असेल तर टोपलं कूलरच्या खोलीत फरशीवर ठेवा आणि दोन बोटांऐवजी एक बोट थर द्या. पौषातल्या थंडीत उलट, रात्री चुलीच्या खोलीत.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे घाई. उसळीला लागतात तेवढे मोड दुसऱ्या दिवशी दिसतात आणि माणूस थांबतो. तेवढ्यात दाण्यातला स्टार्च फोडून त्याची साखर करणारी एन्झाइमं पुरेशी तयार झालेली नसतात. तीन ते चार दिवस जाऊ द्या, वरचा कोंब दाण्याच्या दुप्पट लांब व्हायला हवा. हिरवी-काळी बुरशी दिसली तर टोपलं रिकामं करा. निवडून उरलेलं वापरू नका. बुरशीचं विष उकळून मरत नाही.

वाळवण, आणि कोंब काढणं

पहिला दिवस सावलीत, वाऱ्यावर, अगदी पातळ पसरून. दुसऱ्या दिवशी कोवळ्या उन्हात. ओला माल्ट ५० अंशांच्या वर तापला की एन्झाइमं मरतात, आणि मे महिन्यातला टिनाचा पत्रा त्याच्या कितीतरी वर जातो. दाणा दाताखाली कट्‌ वाजला, मुळं बोटांत चुरली की वाळला.

आता जाडसर कापडात चोळा आणि सुपाने पाखडून कोंब-मुळं झाडून काढा. ही पायरी सोडायची नाही. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात ती याच कारणाने. पाखडलेला चुराही गुरांपुढे टाकू नका, उकिरड्यावर टाका. किलोमागे साधारण ८०० ग्रॅम माल्ट हाती येतो. हवाबंद डब्यात दोन-तीन महिने राहतो.

चक्कीवाल्याला भरडा काढायला सांगा, बारीक रव्याएवढा. पीठ झालं तर गाळताना रडाल.

काढा उतरवणं

इथे थर्मामीटर हवाच. ताप मोजायचा नव्हे. प्रयोगशाळेतला ११० अंशांपर्यंतचा, काचेचा.

जवाचा स्टार्च साधारण ६० ते ६५ अंशांत फुलतो, त्याच तापमानाला एन्झाइमं कामाला लागतात, एका भांड्यात काम होतं. ज्वारीचा स्टार्च फुलायला ७० च्या आसपास किंवा वर जावं लागतं, आणि तिथे तिची एन्झाइमं टिकत नाहीत. यावर उपाय असा: एन्झाइमं आधी पाण्यात उतरवून बाजूला काढायची, उरलेलं उकळायचं, मग दोन्ही एकत्र आणायचं.

५०० ग्रॅम भरडा दोन लिटर, ४८ अंशांच्या पाण्यात कालवा. अर्धा-पाऊण तास न हलवता ठेवा. वर आलेलं दुधाळ पाणी, साधारण पाऊण लिटर, वाटीने अलगद काढून ठेवा. ते तापवायचं नाही. सगळी करामत त्यात आहे. खालच्या गाळात अर्धा लिटर पाणी घालून १५ ते २० मिनिटं उकळा, झाकण न ठेवता. आंबिलीसारखं दाट होतं आणि बुडाला पटकन लागतं, म्हणून पळी थांबू नये. मग खाली उतरवून ७५ अंशांपर्यंत निवू द्या आणि बाजूचं पाणी ओता. मिश्रण ६५ च्या जवळ येतं. ७० च्या वर दिसलं तर लगेच थोडं गार पाणी घाला. गंज गोधडीत गुंडाळून दीड तास ठेवा.

दहा मिनिटांत फरक दिसतो: खीर होती ती पाण्यासारखी सैल होते आणि बोट चाटलं तर गोड लागतं. झालं का ते बघायला पांढऱ्या बशीत गार केलेला एक थेंब घ्या आणि त्यावर जखमेला लावतात त्या आयोडीनच्या द्रावणाचा थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर स्टार्च उरलाय, आणखी अर्धा तास द्या. रंग पिवळा-तपकिरीच राहिला तर झालं. बशीतलं फेकून द्या. दोन तासांनंतरही काळंच येत असेल तर माल्ट उन्हात तापून मेलेला आहे किंवा मोड कमी पडले. त्या काढ्याची आंबील करून खा, पुढच्या वेळी नीट करा.

जवाला फोलपट असतं, तेच गाळणीचं काम करतं. ज्वारीला ते नाही. मांजरपाटाचं दुहेरी फडकं घेऊन श्रीखंडाचा चक्का टांगतात तसं तासभर टांगा. पिळलं की गढूळ येतं. साधारण दीड लिटर निघतो.

तो अर्धा तास उघडा उकळा. कडवटपणासाठी परदेशी हॉप्स, म्हणजे बिअरमध्ये घालतात ती कडवट फुलं, मागवायची गरज नाही: शेवटच्या दहा मिनिटांत एका संत्र्याची साल पांढऱ्या गरासकट आणि २० ग्रॅम ठेचलेलं आलं घाला. रंग हवा असेल तर ५० ग्रॅम माल्ट तव्यावर कॉफीसारखा भाजून, पाण्यात कालवायच्या आधीच भरड्यात मिसळा. त्याहून जास्त नको, भाजलेल्या माल्टमध्ये एन्झाइमं नसतात.

परातीत गार पाणी घेऊन त्यात गंज ठेवा, लवकर निववा, फ्रिजमध्ये ठेवा. पिताना निम्मा काढा, निम्मा सोडा, चिमूटभर मीठ. तीन दिवसांत संपवा. उन्हाळ्यात एक रात्र बाहेर राहिला तर हवेतल्या यीस्टने तो आपोआप फसफसतो, आणि काचेच्या बाटलीत बूच घट्ट लावून ठेवलेला असेल तर बाटली फुटते. फसफसलेला काढा मोरीत ओता.