एमबीएचा अर्ज: सल्लागाराचे पैसे असे वाचले

सीईटीचा निकाल लागला की सोलापुरात 'कॅप राउंडचं सगळं आम्ही बघतो' म्हणणारे भेटतातच (कॅप राउंड म्हणजे कॉलेजं वाटून देणाऱ्या राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्या). त्यांची फी वाचली ती दोन कामं स्वतः केल्यामुळे.

आधी कागदपत्रं. अर्ज परत येतो तो बऱ्याचदा स्कॅनमुळे. मोबाईलच्या फोटोत दाखल्याचा गोल शिक्का अर्धा कापला जातो, नाहीतर हाताच्या सावलीत तारीख जाते. आरक्षणासाठी लागणाऱ्या नॉन-क्रीमी लेयर दाखल्याची मुदत ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा, त्याच्या ३१ मार्चपर्यंत हवी. कॅटही (आयआयएमची प्रवेश परीक्षा) देणार असाल तर राज्याच्या नमुन्यातला दाखला तिथे चालत नाही, केंद्राचा नमुना लागतो. दोन्ही एकदमच काढून घ्या, ऐनवेळी सेतूत गर्दी असते. पडताळणीतून अर्ज परत आलाच तर शेरा वाचा आणि तेवढंच दुरुस्त करा.

मग कॉलेजांचा पसंतीक्रम, आणि खरा घोळ इथेच होतो. पहिल्या फेरीत एक नंबरची पसंती मिळाली की ती जागा पक्की धरतात, पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून घराजवळचं 'सेफ' कॉलेज कधीच वर टाकू नका (सल्लागार नेमकं हेच सुचवतात). क्रम आवडीचा. मागच्या वर्षांचे कट-ऑफ सीईटी सेलच्या साइटवर फुकट आहेत. ते फक्त यादी किती खाली न्यायची हे ठरवायला.