ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालण्याआधी

मागच्या दिवाळीत आरटीएक्स ४०७० हे ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि खिसा रिकामा झाला. सायबरपंक २०७७ हा गेम लावला. गेममधल्या मोकळ्या रस्त्यावर सेकंदाला ९० फ्रेम (म्हणजे चित्रं), काबुकी भागातल्या बाजारात शिरलो की ४५. मित्र म्हणाला, "कार्डच खराब आलंय, परत कर बे." मी ड्रायव्हर तीनदा काढला, तीनदा टाकला, विंडोजही नवी टाकली. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, हे कळायला महिना लागला.

सगळ्यात आधी आकडे बघा. एमएसआय आफ्टरबर्नर फुकट मिळतं, सोबत आकडे स्क्रीनवर दाखवणारं रिव्हाट्यूनर येतं. कार्डाचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा वापर, त्याचं तापमान आणि क्लॉक (म्हणजे वेग) एवढं स्क्रीनच्या कोपऱ्यात लावा. मग गेम जिथे अडकतो नेमकं तिथेच जाऊन उभे राहा.

कार्ड ९७-९९ टक्क्यांवर असेल तर ते बिचारं राबतंय. सेटिंग कमी करा, विषय संपला. माझं ५५ वर होतं! बाजारातला कोणता माणूस कुठे चालतोय, काय काय काढायचंय, ही यादी प्रोसेसर बनवतो आणि कार्डाला देतो. ६० फ्रेम हवे तर एका यादीला १६.७ मिलिसेकंद मिळतात. यादी उशिरा आली की कार्ड नुसतं बसून राहतं.

इथे एक चकवा आहे. माझा रायझन ५ ५६०० प्रोसेसर एकूण ३५ टक्केच दाखवत होता, म्हणून मला तो निवांत वाटला. पण त्याला १२ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी कामं चालवायच्या १२ वाटा आहेत. एक थ्रेड पूर्ण पिचला तरी एकूण आकडा जेमतेम ८ टक्क्यांनी वाढतो, आणि गेमचं मुख्य काम एक-दोन थ्रेडवरच अडून बसतं. खात्री करायची तर रिझोल्यूशन १४४० वरून ७२० वर आणा. माझे ४५ चे ४७ झाले. म्हणजे कार्डाचं ओझं उतरवूनही काही फरक नाही. अशा वेळी डीएलएसएसने (चित्र कमी रिझोल्यूशनवर काढून मोठं करणारी कार्डाची सोय) रिझोल्यूशन उतरवूनही हाती काही लागत नाही, कार्ड आणखी रिकामं बसतं.

मग टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं (रॅमचं) पान उघडलं. स्पीड २४००, चारपैकी एकच स्लॉट भरलेला. दुकानदाराने "पुढे वाढवता येईल" म्हणत १६ जीबीची एकच स्टिक बसवली होती. स्टिक ३२०० ची, पण बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, बंद, म्हणून ती २४०० वर रांगत होती. हिशेब करा: सेकंदाला १९.२ जीबी. तीच स्टिक जोडीने ३२०० वर चालली तर ५१.२.

तशीच दुसरी स्टिक आणा. बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो, तरी बोर्डाचं पुस्तक बघाच. मशीन सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा आणि एक्सएमपी चालू करा. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. नंतर मशीन उठलंच नाही तर घाबरू नका, सीमॉस क्लिअर केलं, म्हणजे बायोसची सेटिंग पुसली, की जुनं सेटिंग परत येतं. माझ्याकडे त्याच बाजारात ४५ चे ७० झाले.

मे महिन्यात पुन्हा रडगाणं. नागपूरचा मे, त्यात कॅबिनेट भिंतीला चिकटवलेलं. प्रोसेसर ९० अंशांवर आणि क्लॉक ४.४ गिगाहर्ट्झवरून घसरलेला. हीटसिंकवर धुळीची गोधडी जमली होती. वायर काढा, पंख्याचं पातं बोटाने धरून ब्रशने झाडा, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट बदला. पण एएम४ चा (माझ्या रायझनच्या सॉकेटचा) कूलर सरळ उपटू नका! आधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून वायर काढा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. नाहीतर प्रोसेसरच कूलरला चिकटून सॉकेटमधून बाहेर येतो आणि पिना वाकतात. नवी पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. आणि डेझर्ट कूलरची ओली हवा कॅबिनेटवर सोडू नका.

मॉनिटरची केबल मदरबोर्डात नाही, कार्डातच खोचली आहे ना? विंडोजमध्ये १४४ हर्ट्झ निवडलंय ना? हसू नका, मी दुसरं विसरलो होतो. नव्या ड्रायव्हरनंतर पहिल्या फेरीत गचके आणि दुसऱ्या फेरीत नाहीत, असं असेल तर ते शेडर (कार्डासाठीचे छोटे चित्र-प्रोग्रॅम) तयार होण्याचे आहेत, थोडं सोसा.

शेवटी गेममध्ये गर्दीची घनता मध्यम करा आणि रे ट्रेसिंग (प्रकाशाचे खरे वाटणारे परिणाम) बंद करून बघा, ते प्रोसेसरवरही बसतं. मग रिव्हाट्यूनरमध्ये ७० फ्रेमची मर्यादा घाला. ९० आणि ४५ च्या झोक्यापेक्षा सरळ ७० डोळ्यांना कितीतरी बरे.